जानकाबाईचं पाठांतर

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, पाद्रीसाहेबांपाशी नाही, आणि — हसू नका — प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी त्याला वळसा घालून जात असे. 'माझे सर्व अपराध' असं मोघम म्हटलं की त्यात सगळं येतंच ना? निदान मी तशी समजूत करून घेतली होती. देवाला मोघम चालत असेल. मला आता चालेनासं झालंय. कंटाळा आलाय मला माझ्याच मोघमपणाचा.

आणि खरं सांगू? लोकांचाही वैताग आलाय. इथे अमरावतीच्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुणावर काही ओढवलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं मूल दगावलं, की कुणीतरी माझ्याकडे वळतं आणि म्हणतं, सुमित्राबाई, ती अकोल्याच्या जानकाबाईची हकिकत सांगा ना, संकटात विश्वास कसा वाढतो ती. की मी सांगते. वर्षानुवर्षं सांगतेय. बायका डोळे पुसतात. नवे पाद्री येतात तेही ऐकून घेतात आणि पुढे उपदेशात घालतात, आणि त्यात माझं नाव येतं — कडक शिक्षिका, जिने कच्च्या माणसाला पक्कं केलं. मी मान खाली घालून बसते. लोकांना तो विनय वाटतो.

विनय! काय म्हणावं?

तेव्हा मी अकोल्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय सव्वीस. वडील उपदेशक होते, ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. मी आणि आई शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि मागे एक तिसरी लहान खोली होती, तिच्यात वडिलांची पुस्तकं आणि मोडकी खाट होती. शाळेखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होतं. ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असे त्या बायकांना मी बुधवारी आणि शनिवारी दुपारी शिकवत असे — प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, प्रश्नोत्तरं. मग वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, मी त्यांची परीक्षा घेऊन पाद्रीसाहेबांना लिहून द्यायची: तयार, किंवा तयार नाही. पाद्रीसाहेब आमच्यातलेच, नगरकडचे, साधा माणूस. माझ्या वडिलांवर त्यांचा जीव होता, म्हणून माझ्या शब्दावर भरवसा. मी लिहिलं की ते पुन्हा विचारत नसत.

जानकाबाई तिथे आली ती मोर्णेच्या काठच्या मळ्यातून. जातीची माळीण, विधवा, पन्नाशीची. झेंडू आणि शेवंती लावायची आणि रोज सकाळी टोपली घेऊन जुन्या शहरात विकायची. देवळाला हार, लग्नाला मुंडावळ्या. तिची एकुलती लेक बाळंतपणात मिशनच्या दवाखान्यात वारली. तिथली नर्स तिच्याजवळ जमिनीवर बसून रडली. एवढंच. दुसरं कुणी तिला काही उपदेश केला नव्हता. ती मला म्हणाली होती, "देवाची मानसं रडतेत हे मले ठाऊकच नव्हतं, बाई." आणि त्या एका गोष्टीसाठी ती रविवारी चर्चच्या दारात येऊन बसू लागली.

याची किंमत तिला लगेच मोजावी लागली. चर्चमध्ये बसणाऱ्या बाईचं फूल देवाला कसं चालणार? महिन्याभरात तिची गिऱ्हाइकं तुटली. मग तिने फुलं कमी केली आणि मेथी, वांगी लावली. विहीर तिची आणि दिराची सामाईक होती, मोटेची पाळी ठरलेली. दिराने आधी तिची पाळी अर्ध्यावर आणली. तोही काही राक्षस नव्हता, हे मला सांगायला हवं. त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, त्याला जातीत तोंड दाखवायचं होतं.

आणि ही बाई दर बुधवारी, दर शनिवारी, माझ्या वर्गाच्या पायरीवर हजर. हातात माझ्यासाठी मेथीची जुडी. मी घेत असे ती जुडी. घरी नेऊन तिची भाजी खात असे.

मला तिचा वैताग यायचा. आता कबूल करायला बसलेय तर हेही धड सांगते. तिला काही शब्दशः पाठ होत नसे. प्रभूची प्रार्थना ती स्वतःच्या शब्दांत म्हणायची, मध्येच लेकीचं नाव घालायची, मेथीला पाणी मागायची. मी म्हणायची, जानकाबाई, असं नाही, जसं आहे तसं म्हणा. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि पुन्हा मळ्यात शिरायची. तिच्या दातांना कायम मिशरी लागलेली. आणि तिचे प्रश्न! फळ नव्हतं म्हणून प्रभूने अंजिराच्या झाडाला शाप दिला ती गोष्ट वाचली, तर म्हणे, "हंगाम नव्हता ना? मंग त्याले झाडाचा राग कावून आला? मी मालीन हाय, मले सांगा." आता काय सांगू? वडील असते तर त्यांनी हसून काहीतरी सांगितलं असतं. मी म्हटलं, परीक्षेत हे विचारत नाहीत.

पुनरुत्थानानंतर कबरेपाशी मरीयेला प्रभू दिसला तो आधी माळी वाटला, हे मी वाचून दाखवलं तेव्हा तिने मला थांबवलं. तीनदा वाचायला लावलं. मग पदर तोंडावर धरून ती इतकी हसली की मुली दारातून डोकावल्या. देवाला माळी समजले! तिने ते सगळ्या मळ्यात सांगितलं, दिरालासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याने तिची उरलेली पाळीही तोडली.

पहिल्या वर्षी मी लिहिलं: तयार नाही. ते खरं होतं. तिला दहांतल्या सहा आज्ञा येत होत्या.

दुसऱ्या वर्षी — हे सोपं नाही. मी पुन्हा वळसा घ्यायला लागलेय. कळतंय मला.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या चार दिवस आधी पाद्रीसाहेब आमच्याकडे आले. म्हणाले, जानकाबाईच्या पाण्याचं मनाला फार लागतं. पण बाप्तिस्म्याआधी मी तिच्यासाठी तहसीलदाराकडे गेलो, तर गाव म्हणेल, पाणी दाखवून माळीण बाटवली. एकदा ती मंडळीची झाली की मी स्वतः जाईन. आणि दिराने घराबाहेर काढलीच, तर तुमची मागची खोली आहेच. आईने लगेच मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. मी चहा ओतत होते.

त्याच आठवड्यात जानकाबाईने मला एक प्रश्न विचारला होता. वर्ग सुटल्यावर, मुली गेल्यावर. तिने टोपली उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमी परार्थना करता, तवा तो तुमच्याशी बोलते काय? माह्याशी तर बोलते." त्यात टोमणा नव्हता. एका बाईने दुसरीला, तुमच्या विहिरीला पाणी लागलं का, असं विचारावं तसं. मी म्हटलं, उशीर झालाय, घरी जा. कारण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. वडील गेल्यापासून मी प्रार्थना म्हणत होते, पाढे म्हणतात तशी. जन्माची ख्रिस्ती मी, उपदेशकाची मुलगी, आणि ही मिशरीवाली काल आलेली...

मग परीक्षेचा दिवस. दुपारी, तिसरीच्या वर्गात, आम्ही दोघीच. तिने सगळं म्हटलं. प्रभूची प्रार्थना, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. दहा आज्ञा ओळीने. प्रश्नोत्तरं सगळी. मी मुद्दाम उलटसुलट विचारलं तरी चुकली नाही. वर्षभर ती म्हणे शाळेच्या भिंतीमागे बसून मुलींचं पाठांतर ऐकायची आणि मळ्यात निंदताना घोकायची. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कळवते.

आणि मी घरी येऊन लिहिलं: जानकाबाई, तयार नाही. पाठांतर कच्चे. पुढील वर्षी विचार व्हावा.

हे मी केलं. खोली द्यायची नव्हती म्हणून केलं. आणि ती खोलीत आली तर रोज उठून तिचा तो प्रश्न माझ्या घरात राहायला येईल, म्हणून केलं. दोन्ही कारणं खरी आहेत, त्यांतलं कुठलं मोठं ते मला अजून ठरवता येत नाही. ठरवून उपयोग तरी काय?

तिला सांगायलाही मीच गेले. ती पायरीवर बसली होती. ऐकून तिने टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "मले तं सारं आलं वाटलं होतं. कुठी तरी चुकलं असन." माझ्यावर तिचा एवढा विश्वास! स्वतःच्या कानांवर नाही, माझ्यावर. मला तिचा इतका राग आला त्या क्षणी — भांडली का नाही? पाद्रीसाहेबांकडे जाऊन, मला पुन्हा विचारा, असं का नाही म्हणाली? एका शब्दाने माझं पितळ उघडं पडलं असतं. पण ती उठली आणि मेथीची जुडी माझ्या हातात देऊन गेली.

त्या उन्हाळ्यात तिचा मळा पाण्यावाचून जळला. दिराने सांगितलं, तुझा वाटा माझ्या नावावर कर, तुला दोन वेळा खायला घालीन. तिने अंगठा उठवला. पाद्रीसाहेबांना ते कळलं तेव्हा कागद होऊन गेला होता. ते म्हणाले, यंदा ती मंडळीत असती तर मी वेळेवर उभा राहिलो असतो. हे ते माझ्यासमोर म्हणाले. मी वही तपासत होते. मी मान वर केली नाही. रविवारी चर्चला जाणं ती सोडीना, म्हणून पावसाळ्यात दिराने तिला शेताच्या कडेच्या खोपीत घातलं. तिथे तिला हिवताप झाला. तरी बुधवार चुकला नाही. एकदा रिकाम्या हाताने आली आणि माझीच माफी मागितली, भाजी नाही म्हणून.

आणि तिचा विश्वास वाढत गेला. हे खोटं नाही. हकिकतीतला तेवढा भाग अगदी खरा आहे. ती सांगायची, आता फूल नाही, पाणी नाही, घर नाही, सकाळी उठलं की बोलायला तो एकटाच उरलाय, मग दिवसभर त्याच्याशीच बोलते. तिच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचं. मळ्यातल्या आणखी दोन बायका तिच्या मागोमाग येऊन बसू लागल्या. मला हे पाहून बरं वाटायला हवं होतं. मला चीड यायची. जिला मी पाडलं होतं ती उभी होती, आणि मी — माझं काही पडलंच नव्हतं, तरी मी कुठे होते?

तिसऱ्या वर्षी मी 'तयार' लिहिलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी साक्ष द्यायला, आपण विश्वासात कसे आलो ते सांगायला, ती पुढे उभी राहिली आणि सगळ्या मंडळीसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाली, "या बाईनं मले कच्ची ठेवली, म्हनून मी पक्की झाली." लोक वळून माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. झालं. तिथून ती हकिकत निघाली. संकटात विश्वास वाढतो, हो, वाढतो. पण त्या बाईचं संकट कोण होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. अकरा वर्षं राहिली. जे टाळण्यासाठी मी ते सगळं केलं ते टळलं नाहीच! मिशरी, कोंबड्या, पहाटेचं गुणगुणणं — सगळं आलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं तिने केलं, माझ्या आधी उठून. आई गेल्यावर ती मला 'माय' म्हणू लागली. तिचा तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. मला वाटतं, उत्तर तिला दिसत असावं.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? शिक्षिकेने एक खोटा शेरा लिहिला, पुढे सगळं ठीक झालं. एवढंच असतं तर मी कदाचित कधीच सांगून टाकलं असतं. पण एवढंच नाही.

पाद्रीसाहेब वारले. पाद्रीणबाई अमरावतीला मुलीकडे राहायला गेल्या. त्यानंतर वर्षभराने, एका रविवारी दुपारी, मी आणि जानकाबाई मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती आता थकली होती, पण डोकं लख्ख. कुठल्याशा नव्या उमेदवार बाईचा विषय निघाला, तिला काही पाठ होत नाही असा. जानकाबाई हसून म्हणाली, माझ्यासारखीच कच्ची दिसते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या वर्षी तुम्ही चुकला नव्हता, जानकाबाई. तुम्हाला सगळं आलं होतं."

तिचे हात थांबले.

"मंग तसं कावून लिवलं?"

आता. आता सांगायचं होतं. अंगणात तिसरं कुणी नव्हतं. तिच्या स्वरात राग नव्हता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं. एक वर्ष थांबवा म्हणाले."

ऐकलंत? मेलेल्या माणसावर टाकलं मी. ज्याने तिच्यासाठी तहसील गाठायचं ठरवलं होतं, त्याच्यावर. आणि ते किती सहज आलं तोंडात!

ती पुन्हा सोलू लागली. शेंगा सोलून झाल्यावर आत गेली. मग आठ दिवस तिचं पहाटेचं गुणगुणणं बंद. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. जेवायची, काम करायची, पण घर मुकं झालं. मला वाटलं, तिला जमीन गेल्याचं दुःख झालं असावं. ते नव्हतं. नवव्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली की पाद्रीसाहेबांना ती देवमाणूस समजत होती, आणि त्यांचा राग काही केल्या तिच्या मनातून जात नाही, आणि मेलेल्या माणसाचा राग घेऊन तिला देवासमोर बसवत नाही. मग म्हणाली, "माय, तू जरा संगं परार्थना कर. तुले चांगलं मांडता येते."

मी तिच्याशेजारी गुडघे टेकले. आणि मोठ्याने, चांगल्या शब्दांत, देवाला सांगितलं की पाद्रीसाहेबांनी या बाईवर जो अन्याय केला त्याची तिने त्यांना मनापासून क्षमा केली आहे. ती रडत होती. मी 'आमेन' म्हटलं. दुसऱ्या पहाटे ती पुन्हा गुणगुणू लागली.

मला तेव्हा वाटलं, संपलं. कसलं संपतं?

त्याच वर्षी पाद्रीणबाई एका लग्नाला अकोल्याला आल्या आणि जानकाबाईला भेटायला घरी आल्या. मी चूल पेटवायला आत गेले. तेवढ्यात जानकाबाईने त्यांचे दोन्ही हात धरून सांगून टाकलं — तुमच्या मालकांना मी माफ केलं, माझ्या मनात आता काही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिला वाटलं, त्यांनाही ते ओझं असेल, उतरवावं. मी चहा घेऊन बाहेर आले तर पाद्रीणबाईंचा चेहरा उतरलेला. निघताना त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. हळू आवाजात विचारलं की यांनी त्या बाईचं काय केलं होतं? चाळीस वर्षांचा संसार होता त्यांचा. त्या माझ्याकडे पाहत उभ्या होत्या.

मी म्हणाले, "काही नाही हो, पाद्रीणबाई. जानकाबाईंच्या डोक्यात थोडा फरक पडलाय आताशा. काहीही बोलतात."

त्यांना केवढं हायसं वाटलं! त्यांनी माझा हात दाबला, बिचारी, म्हणाल्या, आणि गेल्या. पण जाण्याआधी त्या लग्नघरी चार बायकांपाशी हळहळल्या असणार. वाईट हेतूने नाही, काळजीने. कारण पुढच्या रविवारपासून लोकांचं वागणं बदललं. जिला विचारायला मळ्यातल्या बायका येत आणि त्या अंजिराच्या झाडावरून जिने एकदा नागपूरहून आलेल्या साहेबाला निरुत्तर केलं होतं, तिच्याशी मंडळी लहान मुलाशी बोलावं तशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. साक्षीच्या वेळी ती उठली की नवे पाद्री हसून म्हणत, बसा, आजी, बसा. ती बसायची.

ती आणखी सात महिने जगली. त्यांत एकदाच तिने मला विचारलं. चर्चहून परत येताना, माझ्या हाताला धरून चालत होती.

"माय, हे लोक माह्याशी असे कावून बोलून राह्यले?"

मी म्हटलं, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं ना, म्हणून.

तिने मान हलवली. त्या दिवसापासून कुणी बोलू लागलं की ती हात कानामागे धरून पुढे वाकायची.

तिला नीट ऐकू येत होतं.